एकेकट्याची अक्कल, शिवाराचे शहाणपण



शेतकऱ्याला अक्कल शिकवायला निघालेल्या माणसांची या देशात कधी टंचाई पडली नाही. मृग कोरडा जावो की हस्त बुडवून जावो, हे पीक दर साल भरघोस. २०१७ च्या खरिपात कपाशीवर शेंदरी बोंडअळी आली. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात उभ्या रानातली बोंडे किडून गेली. तेव्हाही उपदेशाचा पाऊस पडला. शेतकऱ्याने फरदड ठेवली. पाकिटासोबत दिलेले बिगर-बीटी बियाणे लावले नाही. पऱ्हाट्या उपटून घराशेजारी रचल्या. म्हणून अळी माजली. बोलणाऱ्यांचा सूर असा, की एवढी साधी अक्कल या लोकांना नाही.

आमचे म्हणणे असे की या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याने अक्कल वापरूनच केल्या. प्रत्येक घराने आपापला हिशेब केला, प्रत्येकाचा हिशेब बरोबर आला, आणि सगळ्यांची बेरीज मात्र खड्ड्यात गेली. हे कसे झाले ते येथे मांडायचे आहे. अक्कल आणि शहाणपण हे दोन शब्द आपण बोलताना एकाच पोत्यात भरतो. कोरडवाहू शेतकऱ्याने तरी ते वेगळे निवडून ठेवले पाहिजेत, कारण त्यातल्या फरकाचे बिल त्याच्याच नावावर फाटते.

आधी फरदडीचा हिशेब पाहू. डिसेंबर उजाडेपर्यंत बियाण्याचे, खताचे, फवाऱ्याचे, खुरपणीचे पैसे जमिनीत गेलेले असतात. जमीन भारी काळी आहे, परतीचा पाऊस बरा झाला आहे, वरच्या फांद्यांना पुन्हा पाती-फुले लागली आहेत. आता खर्च राहिला तो वेचणीचा. एकरी दोन क्विंटल निघाला तरी त्यातला बराचसा पैसा हातात राहतो. आणि उपटून टाकली तर? कालव्यावरचा माणूस गहू घेईल, उन्हाळी भुईमूग घेईल. कोरडवाहूवाल्याच्या रानात डिसेंबरअखेर हरभरा उगवण्याइतकीही ओल नसते. ‘कपाशीनंतर रब्बीचे पीक घ्या’ हा सल्ला जायकवाडीच्या पाण्यावर लिहिलेला आहे, जिंतूरच्या माळावर तो वाचता येत नाही.

बिगर-बीटी बियाण्याचा हिशेब त्याहून सोपा. २००२ साली सरकारने बीटी कपाशीला परवानगी दिली तेव्हाच अट घातली होती, की रानाभोवती पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राचा पाचवा हिस्सा, यात जे जास्त असेल तेवढ्यात साधी कपाशी लावायची. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाला १२० ग्रॅमची वेगळी पुडी जोडलेली असे. पाच एकरवाल्याने याचा अर्थ काय काढला? एक एकर अळीला खायला घाला. शिवाय त्या पुडीतले बियाणे अनेकदा उगवणीला कच्चे आणि वाणाने वेगळे. पुडी कशासाठी आहे हे दुकानदार सांगत नव्हता, कारण त्यालाही कुणी सांगितले नव्हते. मग पुडी बांधावर गेली, किंवा तुटाळी भरायला वापरली गेली.

आणि पऱ्हाट्या. ज्या घरात चूल पेटते त्या घराला पऱ्हाटी म्हणजे पावसाळ्यापर्यंतचे सरपण. ती जाळा, गाडा, बारीक करा, असे सांगणाऱ्याने गॅसची टाकी कोण भरून देणार तेही सांगावे.

तिन्ही हिशेब पुन्हा तपासून पाहा. एकाही ठिकाणी चूक सापडत नाही.

आता अळीचा हिशेब. हिरवी बोंडअळी कपाशी खाते, तूर खाते, हरभरा खाते, तिला दहा घरे. शेंदरी अळीला मात्र आपल्याकडे जवळपास एकच घर, कपाशी. पतंग पाती-फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो, अळी बारीक छिद्राने आत शिरते आणि तिच्यामागे ते छिद्र बुजून जाते. वरून बोंड हिरवेगार, आत सरकी पोखरलेली. फुलात शिरली तर पाकळ्या गुंडाळून त्याची डोमकळी होते, तेवढी एक खूण बाहेरून दिसते. अळी आत बसलेली असल्याने फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. साधारण महिन्याला एक पिढी. हंगाम संपताना शेवटची पिढी दोन सरक्या जोडून त्यांच्यात, नख्या-बोंडांत, पडलेल्या पाल्यात झोपून राहते. ऊन तापले तरी ती मरत नाही, वाट पाहते. पाऊस पडला की पतंग बाहेर येतात. त्या वेळी शिवारात कुठेच पाते-फूल नसेल तर हे पतंग आठ-पंधरा दिवसांत वंश न वाढवता मरतात. पण एखाद्याने मे महिन्यात विहिरीच्या पाण्यावर कपाशी लावलेली असेल, तर तिच्या पहिल्या फुलांवर त्यांचा संसार सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत तो सगळ्या शिवाराचा होतो.

म्हणजे ही कीड उपाशी मारता येते. तिला मारायला हवा असतो चार-पाच महिन्यांचा उपवास, आणि हा उपवास सगळ्या शिवाराने मिळून घडवावा लागतो. शंभर घरांपैकी नव्वद घरांनी पऱ्हाट्या उपटल्या आणि दहांनी फरदड ठेवली, तर त्या दहांचा कापूस नव्वदांच्या पुढच्या बोंडांत अळी सोडतो. बांध आपल्याला कळतो. पतंगाला कळत नाही.

पुडीमागचे कारणही असेच होते. बीटीचे विष पचवणारी एखादी अळी लाखात निघतेच. तिचा पतंग तशाच दुसऱ्या पतंगाला भेटला तर पिल्ले विष पचवणारी निपजतात. साध्या कपाशीवर वाढलेले पतंग आजूबाजूला भरपूर असले तर ती गाठ पडण्याचा संभव कमी, आणि मिश्र जोडीची पिल्ले बीटी खाऊन मरतात. तो अळीला दिलेला एक एकर खरे तर पुढच्या दहा वर्षांच्या बियाण्याचा विमा होता. हप्ता एकट्याने भरायचा आणि विमा साऱ्या देशाचा. असा हप्ता कोण भरणार? २०१० साली खुद्द मोन्सॅन्टो कंपनीनेच कबूल केले, की गुजरातेत पहिल्या पिढीच्या बीटी कपाशीवर शेंदरी अळी जगते आहे. तोवर, २००६ पासून, दोन जनुकांचे बोलगार्ड-२ बाजारात आले होते. तेही काही वर्षांत निकामी झाले, आणि २०१७ साली महाराष्ट्राच्या पदरी आले ते हे.

आमच्या मते अक्कल आणि शहाणपण यांच्यातला फरक इथे उघड्यावर येतो. ‘मी हे केले तर मला काय मिळेल’ असे अक्कल विचारते. ‘सगळ्यांनी हेच केले तर काय होईल’ असे शहाणपण विचारते, आणि त्याचा हिशेब एका हंगामात मिटत नाही. यात अक्कल हलकी नाही. कोरडवाहू रानात अक्कल नसलेला माणूस दोन वर्षे टिकत नाही. पण अक्कल एकट्याच्या डोक्यात मावते, शहाणपण मावत नाही. शेजारी काय करणार याचा भरवसा नसताना एकट्याने शहाणपण केले तर तो गावात वेडा ठरतो, आणि त्या वर्षापुरता तो खरोखरच तोट्यात जातो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा ही म्हण उगीच पडलेली नाही.

मग असे शहाणपण गावात कधी होते का? होते, पण त्याला त्या नावाने कुणी ओळखत नव्हते. ज्वारीचे उदाहरण घ्या. खरिपाची ज्वारी पेरायची तर पहिल्या वाफशावर सगळ्या गावाच्या तिफणी एकदम निघत. मागे राहिलेल्याच्या रानात खोडमाशी पोंगे मारून टाकते, उशिरा फुलोऱ्यात येणाऱ्या कणसांवर शिवारभरची मिजमाशी येऊन बसते. दाणा भरताना पाखरे येत, पण शंभर रानांत ज्वारी असली की पाखरांनी खाल्लेला दाणा शंभर घरांत वाटला जाई. आज सोयाबीन आणि कपाशीच्या शिवारात एकट्याने ज्वारी पेरून पाहा. साऱ्या पंचक्रोशीची पाखरे आणि डुकरे त्याच्याच रानात. गोफण घेऊन माणूस किती दिवस माळ्यावर बसेल? म्हणून पुढच्या वर्षी तोही ज्वारी सोडतो. घराघरातून ज्वारी गेली ती कुणी ठरवून घालवली नाही. प्रत्येकाने अक्कल वापरून सोडली. आता कडबा विकत घेताना जो तो कपाळाला हात लावतो. विद्यापीठाने परभणी मोती दिली, २०१८ मध्ये लोह-जस्त जास्त असलेली परभणी शक्ती दिली. वाण चांगले आहेत. पण पाखरांना वाण कळत नाही, आणि पन्नास एकर सलग पेरा झाल्याशिवाय एक एकर ज्वारी राखणे परवडत नाही.

कापसाच्या रानातही अशी एक रीत होती. शेवटची वेचणी झाली की धनगराची मेंढरे रानात बसवायची. धनगराला धान्य किंवा पैसा, रानाला लेंडीखत. मेंढरे उरलासुरला पाला आणि हिरवी बोंडे खाऊन पऱ्हाटी बोडकी करत. त्या बोंडांबरोबर आतली अळीही पोटात जाई. आज कापसाचे शास्त्रज्ञ हंगाम संपताच शेळ्या-मेंढ्या चारायला सोडा म्हणून सांगतात ते याच कारणाने. रीत पाडणाऱ्याला अळीच्या झोपेचे शास्त्र ठाऊक नव्हते. त्याला खत हवे होते.

जुने ते सगळे सोने असे आम्ही म्हणत नाही. त्या रितींच्या गावात उपासमारही होती, आणि कुणी कुठे उभे राहायचे हे जातीवर ठरत होते. ते गाव परत नको. पण रीत मोडली तेव्हा तिच्या पोटात असलेला एकोप्याचा हिशेबही मोडला, आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. पूर्वी शिवारात एक-दोन वाण असत आणि पेरा आठवड्यात उरके. आता एकाच शिवारात दहा-वीस कंपन्यांची पाकिटे, कुणाचे दीडशे दिवसांचे, कुणाचे दोनशे दिवसांचे. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत कुठे ना कुठे फूल आहेच. अळीच्या पंगतीला वाढपी कमी पडत नाहीत.

आता सरकारी शहाणपणाकडे वळू, कारण तेही तपासले पाहिजे. १२० ग्रॅमच्या पुडीचा नियम सैल करताना काही पाकिटांत साध्या कपाशीऐवजी तूर चालेल असे ठरले. हिरव्या अळीपुरते ते बरोबर आहे, ती तुरीवर वाढते. शेंदरी अळी तूर खात नाही. तिच्यासाठी ती पुडी असून नसल्यासारखी. शेतकऱ्याने पुडी फेकली म्हणून त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी या पुडीचे काय ते सांगावे.

दुसरा नमुना भावाचा. फरदड नको, फरदड नको म्हणून खात्याने गावोगाव फलक लावले. जानेवारी २०२२ मध्ये कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. त्या महिन्यात ज्याच्या रानात हिरवी पऱ्हाटी उभी होती त्याने फलक वाचायचा की मानवतच्या बाजारातली पावती वाचायची? तिसरा नमुना तारखेचा. मे महिन्यातली लागवड थांबावी म्हणून काही हंगाम १ जूनच्या आधी बीटी बियाणे विकण्यास बंदी होती. हेतू चांगला, शास्त्र पक्के. पण शेजारच्या राज्यात विक्री खुली असल्याने ज्यांच्या विहिरीला पाणी होते त्यांनी पाकिटे तिकडून आणली, आणि नियम पाळणारा पाळून बसला. शहाणपण फक्काड असून त्याची किंमत कोण मोजणार हे ठरवलेले नसले, की ते कागदावर राहते. किंमत मोजायची ती नेमकी कोरडवाहूवाल्याने, हे गृहीत धरलेले असते. आम्हाला राग आहे तो या गृहीताचा.

जगात याचे दोन धडे आहेत. अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केले, की त्यांच्या कापूस पट्ट्यातून शेंदरी बोंडअळी नाहीशी झाली. ॲरिझोनासारख्या राज्यात पऱ्हाटी अमुक तारखेच्या आत नांगरून टाकण्याचा कायदा होता, शेतकरी बिगर-बीटीचा हिस्सा लावत होते, आणि शेवटी वांझ केलेले पतंग विमानातून सोडले गेले. त्या कामाच्या खर्चात कापूसवाल्यांच्या संघटनांचा आणि सरकारचा दोघांचा पैसा होता. तिथला शेतकरी शेकडो एकरांचा, सरळ वाण लावणारा आणि एका झटक्यात यंत्राने वेचणी उरकणारा. आपण त्याची नक्कल करू शकत नाही. पण तारीख सगळ्यांना एकच आणि खर्च सगळ्यांत वाटलेला, एवढे तरी नोंदून ठेवावे.

दुसरा धडा चीनचा, आणि तो आम्हाला जास्त आवडतो. तिथे यांगत्से नदीच्या खोऱ्यातला शेतकरी आपल्यासारखाच लहान. बीटी आणि साध्या कपाशीच्या संकराची दुसऱ्या पिढीची सरकी स्वस्तात मिळते म्हणून तो ती लावू लागला. दुसऱ्या पिढीत चारातले एक झाड बिगर-बीटी निघते. म्हणजे पुडी न देता, नियम न करता शिवारात चौथा हिस्सा साधी कपाशी उभी राहिली. शेंदरी अळीची प्रतिकारशक्ती तिथे वाढायची थांबली आणि उलट घसरली, असे २०१७ साली शास्त्रज्ञांनी मांडले. त्या शेतकऱ्याने काही मोठे शहाणपण केले नव्हते. त्याने चार पैसे वाचवले होते. त्याची अक्कल आणि शिवाराचे शहाणपण योगायोगाने एकाच वाटेला लागले. आपल्याकडेही धोरण करणाऱ्यांचे काम हेच असायला हवे, की शेतकऱ्याच्या पदरी ज्यात चार पैसे पडतात तीच गोष्ट शिवारालाही उपयोगी पडेल अशी मांडणी करणे. उपदेशाला पैसे लागत नाहीत, मांडणीला लागतात.

उदाहरणार्थ, डिसेंबरअखेर शिवार मोकळे हवे असेल तर हमीभावाची खरेदी केंद्रे दिवाळीला उघडी हवीत आणि पैसे आठवड्यात खात्यावर. लवकर संपणारे, दाट लावता येणारे सरळ वाण हवेत. परभणीच्या मेहबूब बागेतल्या केंद्राने पीए २५५ सारखे देशी सरळ वाण काढले आहेत, पण दुकानाच्या फळीवर सहज दिसतो तो संकरित बीटीच. सरळ वाणाची सरकी पुढच्या वर्षी घरचीच पेरता येते, मग त्यात दुकानदाराला रस कसा असावा? पऱ्हाटी कुट्टी करणारे यंत्र गावाला एक असले आणि भाडे परवडणारे असले, तर ती जाळावी लागत नाही, रानातच खत होते. ज्यांना सरपण हवेच त्यांनी बोंडे झडवून, मेंढरे चारून मग न्यावी. आणि जिनिंगमध्ये येणाऱ्या सरकीबरोबर अळी येते, म्हणून तिथे कामगंध सापळे लागले पाहिजेत, ही काही शेतकऱ्याच्या दारची गोष्ट नाही.

आता आपल्या बाजूचे. सरकारने मांडणी करावी हे खरे, पण शिवाराची तारीख सरकार ठरवू शकत नाही, ती गावच ठरवू शकते. आणि इथे गावात अडचण कुठे येईल हे आधीच बोलून घेतलेले बरे. अडचण कोरडवाहूवाल्याची नाही. त्याची फरदड तशीही दोन क्विंटलांची, तीही कवडी होऊन जाते. ती कवडी वेचायला दुप्पट वेळ लागतो, किलोवर मजुरी घेणाऱ्या बाया तिकडे फिरकत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. खरी अडचण विहीरवाल्या दहा घरांची. त्यांना एक-दोन पाण्यांवर पाच-सहा क्विंटल निघतो. मे महिन्यात आगाप कपाशी लावणारेही तेच. त्यांना नुसते ‘गावासाठी सोडा’ म्हणणे म्हणजे खात्याचाच उपदेश आपल्या तोंडाने करणे. त्यांना त्या पाण्यावर दुसरे काय घेता येईल, त्याला बियाणे आणि बाजार कुठून मिळेल, याचे उत्तर घेऊनच त्यांच्या ओसरीवर गेले पाहिजे. उत्तर नसेल तर ते ऐकणार नाहीत, आणि आम्ही त्यांना मूर्ख म्हणणार नाही.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एवढे लिहून आणावे: यंदा शिवारात शेवटची पऱ्हाटी कोणत्या तारखेला उपटली गेली, मे महिन्यात कपाशी लावणारी घरे किती, आणि मेंढरांचा कळप कोणत्या महिन्यात गावावरून जातो. मेंढपाळांशी बोलणी तालुकावार करता येतील. सेलू आणि मानवतच्या जिनिंगवाल्यांकडे सापळ्यांचे बोलायला कोण जाणार, ती नावे बैठकीच्या आधी ठरलेली असावीत. कपाशीत ज्वारी परत आणायची ज्यांची तयारी आहे त्यांनी एकेकट्याने नाव देऊ नये. बांधाला बांध लागून किमान पन्नास एकर होत असतील तरच द्यावे.